प्रभुभोजनाचा रविवार

२०१६ साली, दिवाळी उलटून थंडी पडू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. जबलपूरकडच्या पाटनच्या पुढे, हिरन नदीच्या अंगाला डांबरी सडक जिथे संपते, तिथे एक लहानसं चर्च होतं. मागे कब्रस्तान, बाजूला पाळकांचा बंगला. बंगला आपला म्हणायचा. दोन खोल्या, आणि कौलांवर माकडांचं राज्य. भोवतीची घरं जुन्या गोऱ्या पाद्र्यांनी वऱ्हाडातून आणून वसवलेल्या ख्रिस्ती मंडळींची. तिथली नेमणूक म्हणजे काळं पाणी, असं जबलपूरचे पाळक हसून म्हणत.

रेव्हरंड देवदत्त पाटोळे ऐन तारुण्यात तिथे गेले आणि त्यांनी कधी बदली मागितली नाही. ती मागू दिली नाही त्यांच्या बायकोनं, अंजनीबाईंनी. त्यांचा पहिला मुलगा अनुपम सव्वा महिन्याचा होऊन गेला आणि त्याच कब्रस्तानात निजला. सकाळी चहा ठेवला की त्या खिडकीतून एकदा तिकडे बघत, मगच साखर घालत.

तसे दिवस वाईट नव्हते. नाताळ आला की शेजारपाजारच्या हिंदू बायकाही करंज्या लाटायला येऊन बसत, आणि कोणाची करंजी तळताना फुटली यावर दुपार निघून जाई.

त्या वर्षी मात्र नदीकाठी कोण्या शहरी माणसानं हॉटेल बांधायला काढलं. त्याला सडक हवी होती, आणि सगळ्यांत जवळची वाट कब्रस्तानातून जात होती. भय्यासाहेब मंडळीचे सर्वांत जुने वडील. वडील म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे पंच. कब्रस्तानाची देखरेख आजोबांपासून त्यांच्या घराण्याकडे. बैठकीत ते म्हणाले, "मेलेल्यांना सडकेचा काय त्रास हो?" पाळकांनी सगळ्यांदेखत नाही म्हटलं. भय्यासाहेब उठले ते गेलेच. मग उपासनेलाही येईनात.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी कबरींच्या मधून चुन्याच्या दोन पांढऱ्या रेषा दिसल्या. एक रेष अनुपमच्या पायथ्यावरून गेली होती. अंजनीबाईंनी ती पायानं पुसली. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा होती, अधिक जाड. कोण आखतंय, ते कोणी पाहिलं नव्हतं. विचारलं की लोक गाईगुरांचं बोलू लागत.

अशात प्रभुभोजनाचा रविवार आला. त्या मंडळीची रीत जुनी. वर्षातून दोनदा लांब टेबलावर पांढरी चादर अंथरायची, सगळ्यांनी मांडीला मांडी लावून बसायचं, भाकर आणि प्याला हातोहात फिरवायचा. शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत कोणी उठायचं नाही; घरी आग लागली तरी नाही, असं म्हातारे सांगत. आणि आदल्या दिवशी, ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्या दारी जाऊन मन साफ करून यायचं. ते केल्याशिवाय पाळकानं टेबलाला हात लावायचा नाही.

शनिवारी दुपारी देवदत्तांनी सायकल काढली.

"काहून जाता? त्यांनी यावं," अंजनीबाई म्हणाल्या.

"मी नाही म्हटलं होतं, मीच जातो."

"चांगल्या गोष्टीला नाही म्हटलं का तुम्ही?"

"ते उद्यानंतर भांडू. आज नाही."

उजेड असतानाच ते परतले, ते गुणगुणत. मुलगी मेघना जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या वकिलीच्या कोचिंग क्लासातून सुट्टीला आली होती. तिनं पाणी दिलं.

"मिटलं," ते म्हणाले. "पाया पडून राहिले होते बिचारे. म्हणे, पाळकसाहेब, माझ्याकडून मोठी चूक झाली, मला माफ करा. मी केलं माफ."

"कोणती चूक?" अंजनीबाईंनी विचारलं.

"ते विचारत नाहीत, अंजनी. माफी मागणाऱ्याची झडती घेतात काय?"

"वा बाबा," मेघना म्हणाली, "बिना सुनवाई के बरी! सुनावणीच नाही, थेट निर्दोष. कोर्टात असं असतं तर आमचे क्लासच बंद पडले असते."

देवदत्त हसले. अंजनीबाई हसल्या नाहीत. त्या मागच्या दाराशी गेल्या. रेषा तिथेच होत्या. ज्याला पस्तावा झाला, त्यानं आधी चुना पुसला असता.

रविवारी भय्यासाहेब आले. कडक इस्त्रीचा कोट. भाकरीचं ताट फिरवायचा मान त्यांचाच, तो त्यांना परत मिळाला. बायकांनी एकमेकींकडे बघून समाधानानं माना हलवल्या. अंजनीबाईंनी ताटातून तुकडा उचलला, आणि मागून घरघर ऐकू आली. मग कब्रस्तानाची भिंत पडल्याचा आवाज.

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. भय्यासाहेबांची वळली नाही.

तेवढंच पुरे होतं. अंजनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. चेहरा राखेसारखा झाला होता. काल त्यांनी क्षमा केली होती ती आज घडणाऱ्या गोष्टीची. पण प्याला हातात होता, आणि शास्त्रातले शब्द तोंडून एकामागून एक येतच होते.

त्या उठल्या. बाक सरकल्याचा आवाज झाला.

"अंजनी, बस," देवदत्त म्हणाले. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

त्या थांबल्या नाहीत. भाकरीचा तुकडा मुठीत तसाच होता.

बाहेर पिवळी जेसीबी. खालची रांग उलथलेली, मोडके क्रूस मातीत. अंजनीबाई अनुपमच्या कबरीवर जाऊन बसल्या. मशीनचा पंजा डोक्यावर अधांतरी राहिला.

"माताजी, हटिए," चालक म्हणाला. "हमको तो बोले थे, सबकी मंज़ूरी है."

"किसने बोला?"

त्यानं चर्चकडे हात केला. "जो अंदर बैठे हैं. बोले, प्रार्थना के टाइम आना, कोई बाहर नहीं निकलेगा."

आत गीत सुरू झालं होतं. मेघना अनवाणी धावत आली आणि आईला चिकटून बसली. बाकी कोणी आलं नाही. गीताची सगळी कडवी झाली, आशीर्वाद झाला, आमेन झालं, मग दार उघडलं. तेव्हा चालकानं इंजिन बंद केलं.

सडक झालीच, महिन्याभरानं. खालच्या रांगेतली माणसं तिच्याखाली गेली. अनुपमच्या कबरीपाशी तिला वळण द्यावं लागलं. ते आजही आहे, आणि पावसाळ्यात तिथे गाड्या घसरतात.

भय्यासाहेबांना कोणी जाब विचारू शकलं नाही. क्षमा होऊन चुकली होती. ते दर रविवारी पुढच्या बाकावर बसत. तिसऱ्या वर्षी गेले. गावात जागा उरली नव्हती, म्हणून त्यांना जबलपूरला न्यावं लागलं.

मेघना वकील झाली. त्या जमिनीचा दावा तिनं लावला; तारखा पडताहेत. चर्चची पायरी ती चढत नाही.

देवदत्तांनी स्वतःहून बदली मागितली. जबलपुरात अधारतालला दोन खोल्यांत राहून निवृत्त झाले. त्या दिवसानंतर त्यांनी टेबलाला हात लावला नाही. मीच उठायला हवं होतं, एवढंच एकदा म्हणाले. अंजनीबाई अजून उपासनेला जातात. प्रभुभोजन असलं की दाराजवळची जागा धरतात, आणि दार उघडं ठेवायला लावतात.