व्यंकटराव डॉक्टरच्या जीपमधल्या दोन बाटल्या

सांबप्पा चोर हाय, हे सगळ्यात आधी मी म्हणलं. उगं दुसऱ्या कुणावर ढकलत न्हाई.

मी भुजंग, व्यंकटराव डॉक्टरच्या जीपचा डायव्हर. सांबप्पा त्यांचा कंपाउंडर. नामांतराच्या बंदनं त्या साली हिवाळ्यातली शिबिरं बुडाली, म्हणून सगळी ऑपरेशनं भर उन्हाळ्यात आली. गावच्या शाळेत टेबल मांडायचं, खिडकीखाली जीप उलटी लावायची आन् भुलीच्या गॅसची नळी खिडकीतून आत सोडायची. लोकं त्याला हसायचा गॅस म्हणायचे. जीपमधी त्याच्या दोन निळ्या बाटल्या, तांब्याच्या नळीनं एकमेकीला जोडलेल्या. जोडकाम माझंच. एक मागं फळीपाशी, दुसरी माझ्या सीटमागं बोल्टानं आवळलेली. डॉक्टरचा हुकूम असा, की मागची संपेस्तोवर दुसरीचा कॉक उघडायचा न्हाई.

पण आमी पडलो शहाणे. मधीच मागची संपली तर पळापळ कोण करणार? म्हणून मी सकाळी गुपचूप दोन्ही कॉक उघडून ठेवायचो आन् सांजी माझ्या सीटमागचा बंद करायचो. ती तापू नये म्हणून तिच्यावर ओलं पोतंबी टाकायचो. मागचीवर टाकलं तर तिचा मीटर झाकायचा, म्हणून ती तशीच उन्हात.

तो मीटर मात्र लबाड. आत गॅस पाण्यावाणी पातळ हाय तोवर हालतच न्हाई. म्हणून सांबप्पा रोज सांजी मागची बाटली काढून काट्यावर तोलायचा आन् डॉक्टरला आकडा सांगायचा. पाऊण किलो जायला पाहिजे तिथं दोन-दोन किलो जायला लागला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. दोन्ही बाटल्यांतून गॅस जायलाय म्हणल्यावर मागची उलट कमी रिकामी व्हायला पाहिजे. हे मला एकट्याला ठाव. म्हणजे कुणीतरी काढून घ्यायलाय, आन् बाटलीपाशी दिसभर बसणारा एकच.

मग मला सगळंच दिसायला लागलं. सांबप्पा एरवी एरंडेल प्यालेल्या तोंडाचा, पण त्या महिन्यात एकटाच गालातल्या गालात हसायचा. म्हणलं, गडी नळीला तोंड लावायलाय. झरीला गेलो की किराणावाल्या मन्मथअप्पासंगं जीपमागं कुजबुज, आन् मी गेलो की दोघंबी गप्प. म्हणलं, विकायलाबी लागला.

खरं काय होतं, तर त्याच्या लेकीची, गंगम्माची सोयरीक मन्मथअप्पाच्या पोराशी जुळायली होती. पक्कं होईस्तोवर बोलू नये, म्हणून गप्प. हसायचा तो त्याच्यापायी. दिवाळीला डॉक्टर त्याला कायम करणार होते आन् लग्न त्या नोकरीवर उभं होतं. हे मला मागून कळलं. पण आधी विचारायला माझी जबान काय झडली होती?

झरीच्या शाळेत मी डॉक्टरच्या कानावर घातलं. डॉक्टरनं सांबप्पाला बोलावलं. तो म्हणला, "मी घेतलं न्हाई."

मी म्हणलं, "मग गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हण."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "बाटलीपायी लिंगाला मधी आणायचं न्हाई, भुजंगराव. मी न्हाई म्हणलं ना."

"कर न्हाई त्याला डर कशाला?" मी म्हणलं. खिडकीला सगळं गाव लोंबकळलेलं. डॉक्टर म्हणले, "सांबप्पा, उद्यापासून येऊ नको." सांबप्पानं धोतराचा सोगा सावरला आन् पायीच निघाला. मन्मथअप्पाचं दुकान शाळेच्या समोरच होतं.

पुढलं शिबीर येलदरीला, दोन्ही बाटल्या नव्यानं भरून आणलेल्या. आता तोलायचं काम माझ्याकडं. सांजी मागची बाटली काट्याला लावली, तर सव्वादोन किलो कमी. मी दिसभर तिथून हाललो नव्हतो. मग सीटमागची सोडवून तोलली. भरून आणली होती त्याच्याहून दीड किलो जड. एका हातानं मागची धरली तर चटका, दुसऱ्या हातानं ही धरली तर माठावाणी गार. तापलेली नळीतून गॅस ढकलायली होती आन् गार बसल्या जागी गिळायली होती. चोर माझं पोतं आन् माझा उघडा कॉक.

डॉक्टरला सांगितलं असतं तर माझी जीपची चावी गेली असती. म्हणून आठ दिस तोंड शिवून बसलो. जेवण गोड लागंना, तवा पेडगावला सांबप्पाच्या घरी गेलो. तो बाजंवर बसला होता. मी सगळं सांगितलं, पाय धरले. गंगम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"काका, माझ्या अप्पांनी घेतलं न्हाई हे आमाला ठावच होतं," ती म्हणली. "ज्यांला ठाव न्हाई त्यांला सांगितलंव का?"

पाणी तसंच ठेवून उठलो. सरळ डॉक्टरच्या दारात गेलो, सगळं कबूल केलं. डॉक्टर म्हणले, सांबप्पाला बोलावून घेतो. मग चावीसाठी हात पुढं केला. मी दिली. तिथून यष्टीनं झरीला.

मन्मथअप्पानं गिऱ्हाईक थांबवून माझं ऐकून घेतलं.

"बरं केलं आलाव," तो म्हणला. "तो माणूस तसा न्हाई, असं मलाबी वाटायचं. पण चोराची पोर कशी करावी? परवाच सेलूच्या घरी पोराची सुपारी फुटली."

"मागं घेता येत न्हाई का?" मी विचारलं.

"मग त्या सेलूच्या पोरीच्या बापाला काय सांगू?"

मी म्हणलं, "मग मी पेडगावला काय सांगू?"

"ते तुमी बघा," असं म्हणून तो साखर तोलायला लागला.