त्याला सांगण्याआधी

ती चष्म्याच्या दुकानात नंबरच्या काचा घासायची. मालकांनी दर्शनी काचेवर नवी अक्षरं काढायला एक पेंटर लावला होता. रस्त्यावरून सुलटी दिसावीत म्हणून तो आतून उलटी अक्षरं रंगवायचा. दुपारचं ऊन त्या अर्ध्यामुर्ध्या अक्षरांतून आत झिरपायचं आणि तिच्या हातांवर निळं, केशरी पाणी हलत राहायचं.

अक्षरं संपली तरी तो येत राहिला. कधी ब्रश विसरला म्हणून, कधी डोळे तपासायला. डोळे ठणठणीत होते.

संध्याकाळी दोघं कालव्याच्या कडेने फिरायची. त्याचा हात हाताला लागला की रस्ता जरासा वर उचलला जातोय असं तिला वाटे. मग लगेच ती हात मागे घ्यायची. सहा वर्षांपूर्वीच्या नात्यातून तिला हर्पीस झाला होता. गेल्या दोन वर्षांत एकही फोड आला नव्हता. "विषाणू मज्जातंतूत झोपून राहतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पण फोड नसतानाही कधीकधी लागण होते." एकदा तो अगदी जवळ आला, तेव्हा तिने मुद्दाम किल्ल्या खाली पाडल्या.

ती मावशीबरोबर राहायची. "मावशी, सांगितलं आणि तो गेला तर?"

मावशी उशीला अभ्रा घालत होती. "गेला तर जाऊ दे. काच रंगवून झालीय, मालकांचं काही नुकसान नाही." मग हात थांबवून म्हणाली, "पण आधी सांग गं. मागाहून कळलेलं माणसाला लागतं."

दुसऱ्या दिवशी कालव्याजवळच्या बाकावर तिने एका दमात सांगून टाकलं. "मला हर्पीस आहे. कमरेखालचा. कितीही काळजी घेतली तरी तुला लागण्याची शक्यता शून्य होत नाही."

"मग किती असते?"

"कमी. पण असते."

"मला जरा वेळ दे," तो म्हणाला आणि उठून गेला.

तीन दिवस तिला सगळं भलत्याच नंबरच्या चष्म्यातून बघितल्यासारखं दिसलं. गिऱ्हाइकांचे चेहरे लांबून बोलत, रस्ता दूध उतू गेल्यासारखा पांढरा.

चौथ्या दिवशी दुपारी तो आला. हातात चिठ्ठी.

"घाबरलो होतो. अजूनही आहे थोडा," तो म्हणाला. "सहा प्रश्न लिहिलेत. डॉक्टरीणबाईंना विचारू. येशील?"

तिने पहिला वाचला: टॉवेल वेगळा लागतो का? तिला हसू फुटलं. "नाही लागत."

"मग पाच उरले."

गुरुवारी दोघं जाऊन आली. बाईंनी पाचही उत्तरं दिली, तिला रोजची एक गोळी लिहून दिली. धोका आणखी कमी झाला. नाहीसा झाला नाही. औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेत त्याने मागून तिच्या केसांवर हनुवटी टेकवली. तिने डोळे मिटले. आवाज, ऊन, माणसं दूर दूर तरंगत गेली.

"पुढे सरका की," मागच्या आजी म्हणाल्या. "झोपायचं तर घरी जा."

दोघं तशीच, एकमेकांना न सोडता, पाऊलभर पुढे सरकली.