गप्प बसलेला कॉल

मुलुंडच्या एका ज्येष्ठ निवासातून आलेली तक्रार तशी साधी होती. वरच्या मजल्यावरच्या विमला आजी फोन लावताना पिन चुकवतात, परत परत चुकवतात, मग यंत्र त्यांचा फोन कुलूपबंद करतं. आता त्या खोलीतून बाहेर जाणारे फोनच बंद करून टाका, अशी विनंती होती. खाली निवासाच्या व्यवस्थापक रेवती गुप्ते यांनी एक ओळ जोडली होती, ‘यंत्रात दोष नाही, आजींना विसरायला होतंय.’

गंधालीने ती वाचली तेव्हा मालाडच्या ऑफिसात जेवणानंतरची सुस्ती पसरली होती. खिडक्यांच्या निळसर काचांतून येणारं ऊन आत येईतो पाण्यासारखं व्हायचं, आणि त्या वेळी सगळं ऑफिसच पाण्याखाली बसल्यासारखं दिसायचं. गंधालीचं काम गेटवे सांभाळण्याचं. गेटवे म्हणजे एखाद्या इमारतीतले सगळे फोन आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये बसलेली पेटी. ती प्रत्येकाला उंबरठ्यावर अडवते, तू कोण म्हणून विचारते, ओळख पटली तरच पुढे सोडते. शहरभर पसरलेल्या अशा पेट्यांपैकी कुठली रुसली की गंधाली इथूनच तिच्या पोटात शिरायची. हेडफोन लावून रिकामी लाइन ऐकायची तिला सवय होती. त्या आवाजात काहीच नसतं, तरी दूरवर कुणीतरी आहे असं वाटत राहतं.

फोन बंद करायचं बटण दाबण्याआधी तिने त्या खोलीच्या नोंदी उघडल्या. पिन चार आकड्यांचा. यंत्राकडे मात्र दर वेळी तीनच आकडे पोचलेले, कधी दोन. गंधाली जराशी पुढे सरकून बसली. विसरणारा माणूस चुकीचे आकडे दाबेल, उलटसुलट दाबेल. पण इतक्या वेळा अर्धाच पिन कोण दाबेल?

तिने सरळ आजींच्या खोलीतला फोन वाजवला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

“कोण गो?” पलीकडून आवाज आला. म्हातारा, पण ठणठणीत.

“आजी, मी गंधाली. तुमचा फोन दुरुस्त करणारी.”

“बरां केलंस. पण फोन नाय बिघडलो, मी बिघडलंय म्हणतत सगळे.”

“असं कोण म्हणतं?”

“ती रेवती म्हणता. माझो झील, पोटचो मुलगो, तो पण म्हणता. गुरवारी माका डोक्याच्या डॉक्टराकडे नेतलो. बाय, माझे आकडे माका ठाऊक आसत. सांगू तुका?”

“नको नको, आजी! पिन कुणाला सांगायचा नसतो.”

“तुका नको, मग त्या यंत्राक कित्याक सांगूचो?”

गंधालीला हसू आलं. तिने आजींना सांगितलं, फोन ठेवा, नेहमीसारखा पिन दाबा, मी इथून ऐकते. आणि तिने डोळे मिटले.

पहिला आकडा वाजला. लांब, घंटेसारखा. मग शांतता. त्या शांततेत एक सावकाश श्वास, बोट पुढच्या आकड्याकडे निघालेलं. दुसरा आकडा. परत शांतता, आधीच्याहून मोठी. तिसरा वाजला आणि चौथ्याची वाट पाहता पाहता गंधालीला वाटलं, आपण एखाद्या रिकाम्या देवळात उभे आहोत आणि कुणीतरी फार लांबून पायऱ्या चढत येतंय. पण ते वर पोचण्याआधीच दार लागलं. ‘आपली ओळख पटली नाही,’ यंत्र म्हणालं. त्याच्यावर चौथा आकडा वाजला, शांतपणे, जागच्या जागी, अगदी खात्रीने.

ती उठून निहारच्या टेबलाशी गेली. निहार तिचा टीम लीड, स्वभावाने चांगला पण नियमाला चिकटून असणारा.

“निहार, पेटी दोन आकड्यांमध्ये फार थोडा वेळ थांबते. आजींची बोटं हळू आहेत. त्या चौथा आकडा दाबेपर्यंत ही तीन आकडे घेऊन मोकळी होते, आणि वर त्यांनाच खोटं पाडते.”

“अगं, ते सेटिंग सगळीकडे तेच आहे. वेळ वाढवली की बाकीचे बोंबलणार, फोन उशिरा लागतो म्हणून.”

“फक्त त्यांच्या लाइनला वाढवते ना.”

“एकीला सूट दिली की उद्या दुसरी मागेल यार.”

“मग तिलाही देऊ. बोटं काय, सगळ्यांचीच हळू होणारेत.”

निहारने आपल्या बोटांकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, “कर. पण नीट लिहून ठेव, का केलं ते.”

त्या संध्याकाळी आजींचा पिन लागला. गंधालीला वाटलं, संपलं काम. पण बुधवारी सकाळी तिने चौकशीला फोन केला तर आजी खट्टू होत्या.

“लागता गो, पण सुटता.”

“सुटतो म्हणजे?”

“मधीच तुटता. मग परत आकडे, परत वाट. रेवती म्हणता, आजी, तुम्हीच चुकून ठेवत असाल.”

नोंदी बघितल्या तर खरंच होतं. एकच नंबर, सिंधुदुर्गातला कुठलातरी. फोन लागत होता, थोडा वेळ चालत होता आणि पेटी स्वतःच तो कापत होती. का, ते मालाडात बसून कळेना. दुसऱ्या दिवशी गुरुवार. आजींना डॉक्टरांकडे नेण्याआधी पोचायला हवं, एवढंच गंधालीच्या मनात होतं. गुरुवारी जेवण होताच तिने लॅपटॉप पाठीवर टाकला आणि मुलुंडची रिक्षा केली.

निवास डोंगराच्या कुशीत होतं. रस्त्याचा गोंगाट फाटकाबाहेरच राहिला आणि आत आल्यावर झाडांखाली एक हिरवट झोप साचलेली होती. रेवतीताई चाळिशीच्या, थकलेल्या पण प्रेमळ चेहऱ्याच्या. जिना चढता चढता त्या म्हणाल्या, “मला काय त्यांना त्रास द्यायचाय का हो? पण रोज पिन चुकतोय म्हटल्यावर मुलाला कळवणं भाग होतं. त्यांची घाटकोपरची इमारत पुनर्विकासाला गेली, भाड्याची जागा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून आई इथे. तो तरी काय करणार!”

विमला आजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, नऊवारीतल्या, बोटांची पेरं आल्याच्या तुकड्यांसारखी गाठाळलेली. मांडीवर फोनचा रिसीव्हर.

“मोबाईल नाही वापरत?” गंधालीने विचारलं.

“त्या काचेवर माझा बोट उमटतच नाय. सगळा आयुष्य राख नि भांडी केल्यावर काय उमटतला?” आजी म्हणाल्या. “बस हय.”

गंधाली त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. लॅपटॉप उघडला, पेटीला जोडला. आजींनी आकडे दाबले, आपल्या चालीने. पिन लागला. मग गावचा नंबर. पलीकडे कुणीतरी फोन उचलला, “हां,” एवढंच म्हणालं आणि फोन कशावरतरी ठेवल्याचा टक असा आवाज झाला. आजी खुर्चीत मागे रेलल्या. बोलल्या काहीच नाहीत.

“आजी, बोला ना.”

“काय बोलूचा? माझी भैण ती, शेवंती. ती तिची कामां करता. मी ऐकतंय.”

त्यांनी रिसीव्हर थोडा कलता केला, दोघींना ऐकू जाईल असा.

आधी गंधालीला काहीच ऐकू आलं नाही. मग काळोखात डोळे सरावतात तसे कान सरावले. सळ, सळ, असा हलका आवाज. शेवंती पडवीत बसून माडाच्या झावळ्यांची चुडतं विणत होती. एक कोंबडी पुटपुटत जवळ आली, लांब गेली. वाऱ्याने कुठेतरी झाडांचं डोकं हललं. कुणीतरी अंगणात पाणी शिंपडलं आणि मातीने ते पिऊन टाकलं. खिडकीबाहेर मुलुंडचा डोंगर होता, पण आजींच्या डोळ्यांत तो नव्हता. त्यांची बोटं मांडीवर हळूच हलत होती, एकावर एक, एकाखालून एक. त्याही विणत होत्या. गंधालीला गुंगी आल्यासारखं झालं. आपण कुठे बसलोय, खोलीत की पडवीत, हेच तिला क्षणभर नीट सांगता आलं नसतं.

आणि फोन कट झाला.

“बघ,” आजी म्हणाल्या.

गंधाली दचकून लॅपटॉपकडे वळली. पडद्यावर कारण लिहिलेलं होतं. ‘आवाज नाही.’

तिला एकदम उलगडलं. पेटीला माणसाचं बोलणं तेवढं आवाज म्हणून कळत होतं. चुडतांची सळसळ, कोंबडी, वारा हे तिच्या लेखी काहीच नव्हतं. असलं बारीक काही ती पुढे पाठवायचीही टाळाटाळ करायची. थोडा वेळ कुणी बोललं नाही की ती समजायची, दोन्हीकडची माणसं निघून गेली, कुणीतरी फोन उघडा टाकून विसरलं. मग कापायची.

“आजी, तुम्ही बोलत नाही ना, म्हणून याला वाटतं तिथे कुणीच नाही.”

“खुळाच मा तो!” आजी म्हणाल्या. “बोलला नाय म्हणजे माणूस नाय?”

गंधालीने तिथूनच निहारला फोन लावला. त्याने अडचण सांगितली, गप्प लाइन कापलीच नाही तर कुणी खरंच फोन उघडा टाकला की ती अडकून राहील, निवासाला लाइनी मोजक्याच. शेवटी एक तास ठरला. तासभर पेटीने कुणालाही, कितीही गप्प असलं तरी, हात लावायचा नाही. आणि हलके आवाज गाळायची सोय बंद. “सगळ्याच खोल्यांना लाव,” निहार आपणहून म्हणाला. “तिथे अजून किती जण नुसते ऐकत असतील, काय सांगावं.”

ती बदल करत होती तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीला टेकलेला, घामेजलेला, हातात डॉक्टरांची फाइल.

“आई, तयार नाही झालीस? चारची वेळ आहे.”

हा सर्वेश, आजींचा मुलगा. अंधेरीच्या एका कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. गंधाली उठून उभी राहिली. आपण कोण ते सांगितलं, आणि मग काय झालं तेही, सावकाश, एकेक करून. पिन त्या बरोबरच दाबत होत्या. फोन त्यांनी ठेवला नव्हता. दोन्ही वेळा यंत्राचीच घाई होती.

सर्वेश ऐकत राहिला. फाइल एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

“म्हणजे आईला... काही नाही?”

“ते डॉक्टर सांगतील. मी फोनपुरतं सांगते. फोनच्या बाबतीत त्यांचं काही चुकलेलं नाही.”

तो पलंगाच्या कडेवर बसला. “मी दोन आठवडे झोपलो नाहीये,” म्हणाला, आणि आईकडे बघून, “तू बोलली का नाहीस गं?”

“बोललंय की. तू म्हणालंस, आई, तुला आठवत नसेल.”

सर्वेशने फाइल पलंगावर ठेवली. आजींनीच ती गाठ सोडवली. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि परत आकडे दाबायला लागल्या. सर्वेशचा हात मदतीला पुढे आला. गंधालीने मान हलवली तसा तो अर्ध्यावरच थांबला. तिघंही त्या बोटाची वाट पाहत राहिली. चौथा आकडा वाजला आणि दार उघडलं.

“हां,” शेवंती म्हणाली. टक. मग सळ, सळ.

आजींनी रिसीव्हर मुलाच्या कानाला लावला. “ऐक.”

“मावशी?” तो म्हणाला.

“बोला नको. नुसता ऐक.”

सर्वेशने रिसीव्हर स्वतःच्या हातात घेतला. त्याच्या कपाळावरची आठी आधी तशीच होती, घड्याळाकडे डोळे होते. मग हळूहळू खांदे उतरले. गंधालीला आता पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं. वारा आला तेही, कोंबडी आली तेही. खूप वेळाने तो आईला कुजबुजत म्हणाला, “पडवीच्या कोपऱ्यात पाणी ठिबकतंय. ती पाण्याची दगडी डोण अजून तशीच आहे?”

“आसा,” आजी म्हणाल्या. “तू तिच्यात पडलेलंस.”

“पडलो नव्हतो. उतरलो होतो.”

“पडलेलंस. माका सगळा आठवता.”

तो हसला आणि हसता हसता त्याने मनगटाने डोळे पुसले. चार वाजून गेले होते. गंधालीने आवाज न करता लॅपटॉप मिटला, चप्पल हातात घेतली आणि जिना उतरली. खाली रेवतीताई चहा घेऊन वर निघाल्या होत्या. “झालं?” त्यांनी विचारलं. गंधालीने मान डोलावली, आणि म्हणाली, “चहा जरा वेळाने न्या.”

डॉक्टरांकडे ते पुढच्या आठवड्यात गेले. वयाच्या मानाने उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले. रेवतीताईंनीच हे फोन करून कळवलं. सर्वेश आता गुरुवारी दुपारचा येतो, म्हणाल्या, आणि दोघं एकच रिसीव्हर मध्ये धरून बसतात. बाकीच्या खोल्यांतूनही फोन लांबले आहेत. अंधेरीहून आलेले एक आजोबा नातवाचा अभ्यास ऐकतात, तो पाठांतर करतो ते.

गंधालीने फोन ठेवला. काचांतून पाणेरी ऊन येत होतं. समोरच्या पडद्यावर मुलुंडची पेटी होती, आणि तिच्यात लांबच लांब सपाट रेघा. शेजारी बसणाऱ्या अपूर्वाने वाकून पाहिलं.

“ही लाइन अडकलीये का गं? कधीपासून काहीच हालचाल नाही.”

“नाही,” गंधाली म्हणाली. “बोलणं चालू आहे.”