आम्ही झुंडीनेच येतो

मित्रांनो, मला पाल म्हणू नका. मी डायनासोर आहे, शिकारी डायनासोर. शाडूचा, जुना आणि एका पायाने लंगडा. आता काचेच्या कपाटात उभा असतो. पण माझ्याकडे दयेने बघू नका, मला ते मुळीच आवडत नाही.

माझा जन्म १९८६ साली कोल्हापुरात, मंगळवार पेठेत झाला. मला घडवणाऱ्या पद्मजाच्या मामाने परदेशातून एक खेळ आणला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले वीर व्हायचे आणि वाटेत श्वापदे भेटली की फासे टाकून लढायचे. गोष्ट पद्मजा सांगायची. गणपतीची मूर्ती करून उरलेल्या शाडूतून तिने आम्हा चौघांना घडवले आणि नखांच्या जागी बाभळीचे काटे खोचले. खेळाच्या पुस्तकात आमच्याविषयी स्पष्ट लिहिले होते, हे प्राणी झुंडीने शिकार करतात. एक समोरून भुलवतो, दोघे बगलेने येतात, चौथा पाठीवर झेप घेतो. चौथा मी.

शाडू थोडी होती. म्हणून खेळात जो मरेल त्याला बादलीत विरघळवायचे आणि त्याच मातीचा पुढचा राक्षस करायचा, असे पद्मजाने ठरवले होते. आमच्यासाठी ते खरे मरण होते. तरी आम्ही भ्यायलो नाही, कारण आम्ही चौघे होतो.

पण समोर बसला होता हंबीरराव. गडमुडशिंगीचा, कॉलेजसाठी पद्मजाच्या घरी भाड्याने राहणारा, रोज पहाटे तालमीत घुमणारा. गोष्टीतही तो पैलवानच झाला होता. आम्ही त्याला घेरताच तो उसळला.

"आक्का, एकावर चौघं? ही कुठली रीत?"

"अरे, पुस्तकातच आहे तसं. झुंड आहे ती."

"पुस्तक ऱ्हाऊ दे. जोड लावा की! एका टायमाला एकच. न्हायतर मी खेळत न्हाय."

तो उठला असता तर खेळच मोडला असता. पद्मजा नमली आणि तिने आम्हाला एकेकटे पुढे केले. मला आजही संताप येतो. एकेकट्याने लढायचे आम्हाला ठाऊकच नव्हते. भुलवणारा भुलवत राहिला, पण मागून कोणी आलेच नाही. तो गेला, मग बगलेचे दोघेही गेले. बादलीतले पाणी गढूळ झाले.

मग माझी पाळी आली. पद्मजाचा आवाज बारीक झाला. "हंबीर, झुंड संपली की उरलेला पळून जातो, असं लिहिलंय. जाऊ दे त्याला."

"जोड ठरल्यावर पळतंय व्हय? खेळू दे की, आक्का!"

पळायचे माझ्याही मनात नव्हते. पद्मजाने माझ्या वतीने फासा टाकला आणि सगळ्यात मोठा आकडा पडला. तिने मला आनंदाने पटावर असे आपटले की माझा पाय मोडला, पण पैलवान चितपट झाला होता.

हंबीररावाने मला खांद्यावर ठेवून खोलीभर मिरवले आणि माझ्या डोक्याला लाल दोऱ्याचा फेटा बांधला. "ह्याला म्हणत्यात पैलवान! ह्याला पाण्यात सोडायचं न्हाय, आक्का." मुलगा मनाचा मोठा होता, हे मी नाकारत नाही. पण फेटा घेऊन मी काय करू? मला माझे तिघे हवे होते.

तेव्हापासून येणारे-जाणारे कौतुक करतात, एकटा लढला, एकटा जिंकला म्हणतात. मित्रांनो, ते कौतुक मला खुपते. तुम्ही खेळ जरूर खेळा, पण ज्याची जी रीत आहे त्या रीतीने त्याला लढू द्या. आणि कधी मला पुन्हा पटावर काढलेत, तर आधी माझ्या शेजारी तिघे घडवून उभे करा. ते येईपर्यंत फासे कितीही टाका, मी जागचा हलणार नाही.