पाठीचा फोटो

फोटोचा दिवस आला की मास्तर दुपारी आपल्या शिलाईच्या दुकानाचं शटर अर्ध्याहून खाली ओढायचे. गल्लीचा समज असा, की मास्तरांचं वय झालं, त्यांना आता दुपारची डुलकी लागते. मास्तरांनी तो समज तसाच राहू दिला होता. आत ते ट्रायल रूमचा पडदा बाजूला सारायचे, शर्ट काढून खुंटीला अडकवायचे आणि भिंतीवरच्या उंच आरशाकडे पाठ करून उभे राहायचे. मग कसरत सुरू. फोन धरलेला हात डोक्यावरून मागे न्यायचा, मनगट वळवायचं, मान मोडेस्तोवर मागे बघायचं आणि आरशातली आपली पाठ स्क्रीनवरच्या पिवळ्या चौकटीत बसवायची. चौकटीत फोन दिसता कामा नये, हातही दिसता कामा नये. फक्त पाठ.

फोटो हलला की ॲपमधली बाई म्हणायची, "फोटो अंधुक आहे. कृपया पुन्हा काढा." इतक्या गोड आवाजात नापास करणारं मास्तरांना उभ्या आयुष्यात दुसरं कोणी भेटलं नव्हतं. फोन कापडाच्या ताग्याला टेकवून, टायमर लावून बघावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. पण ॲप आपलाच कॅमेरा उघडायचं आणि त्यात टायमर नव्हता. ज्यानं ते बनवलं त्यानं धरूनच चाललेलं असणार, की माणसाची पाठ म्हटली की तिच्यामागे दुसरं कोणीतरी उभं असतंच.

हे सगळं एका टाचणीपासून सुरू झालं. स्वतःसाठी शिवलेला नवा शर्ट मास्तर दिवसभर घालून वावरले आणि संध्याकाळी काढला तर पाठीवर रक्ताचा डाग. कापड जोडताना लावलेली टाचणी तशीच राहून गेली होती आणि दिवसभर ओरखडत होती. टाचणी विसरली, याचं त्यांना काही वाटलं नाही; असं होतं कधीकधी. पण दिवसभर टोचलेली कळली नाही म्हणताच ते आरशापाशी गेले. वळून पाहिलं तर पाठीवर तळहाताएवढा तांबूस चट्टा आणि त्याच्या मधोमध तो ओरखडा.

गावातल्या दवाखान्यात जायचा प्रश्नच नव्हता. तिथं केसपेपर काढून होईपर्यंत बातमी गल्लीत पोचलेली असायची. मास्तर दोन बस बदलून लांबच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी पाठीवर कापूस फिरवला, लागतंय का विचारलं, पुन्हा फिरवला आणि कुष्ठरोग आहे असं सांगितलं. वर्षभर रोज गोळ्या घ्यायच्या, पूर्ण बरा होतो, औषध चालू झालं की दुसऱ्याला लागत नाही, हेही सांगितलं. मास्तर मान डोलवत राहिले. पण त्यांच्या कानात लहानपणी ऐकलेला जुना शब्द घुमत होता, आणि तो शब्द ज्याच्या वाट्याला आला होता, त्या माणसाच्या घराकडे बघायचीही चोरी कशी होती, ते आठवत होतं.

दवाखान्यातल्या नर्सबाई मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी फोनमध्ये ॲप घालून दिलं. रोज गोळी घेतली की हिरवं बटण दाबायचं. दर पंधरवड्याला पाठीचा फोटो पाठवायचा, म्हणजे एवढ्या लांब यायची गरज नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम न्यायच्या. पहिला फोटो त्यांनीच काढला. मग विचारलं, "पुढचे कोण काढणार, काका?"

"घरातली," मास्तर म्हणाले. नर्सबाईंनी रकान्यात 'पत्नी' असं भरलं.

पत्नी घरात नव्हती. टाचणीच्या आधीच ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. बाळाची मान धरली की येते, असं ठरलं होतं. बाळाची मान धरली. ती फोनवर म्हणाली, निघते आता. मास्तर म्हणाले, एवढी काय घाई, पोरीला आराम मिळू दे. बाळ पालथं पडायला लागलं. मास्तर म्हणाले, इथं उन्हाळा फार आहे, तिथंच बरी आहेस. मग बाळ बसायला लागलं आणि मास्तरांकडची कारणं संपत आली.

रोज सकाळी ते एकट्यासाठी चहा करायचे आणि सवयीनं दोन कपांचं पाणी ठेवायचे. गोळीच्या वेळेला फोन बोलायचा, "नमस्कार. आज औषध घेतलं का?" मास्तर पेला खाली ठेवून म्हणायचे, घेतलं बाई, घेतलं. दिवसभरात त्यांची विचारपूस करणारं तेवढं एकच माणूस होतं आणि तेही माणूस नव्हतं.

एकदा बायकोचा फोन दुकानातल्या जुन्या टेलिफोनवर आलेला असतानाच मोबाइलमधली बाई बोलली.

"कोण बाई बोलतेय तिथं?" बायकोनं विचारलं.

"रेडिओ आहे."

"रेडिओ तुम्हाला औषध घेतलं का विचारतो?"

"जाहिरात असते गं."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला.

समोरच्या न्हाव्याशी त्यांची मैत्री जुनी. पण केस कापायचे म्हणजे कॉलर खाली सरकणार, मानेवरून वस्तरा फिरणार. चट्टा तिथवर नव्हता, तरी मास्तरांचा तिकडे पाय वळेना. केस कानांवर आले, कॉलरवर आले. न्हावी एकदा दुकानाच्या पायरीवर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, नाटकात काम मिळालंय, की दुसऱ्याकडे खातं उघडलंय? दुसऱ्याकडे असेल तर सांग बाबा, मी रडणार नाही." गिऱ्हाइकं हसली. मास्तरही हसले आणि मान खाली घालून काज करत बसले. न्हावी थोडा वेळ थांबला. मग पुन्हा आला नाही.

एका सकाळी फोन वाजला, पण आवाज ॲपच्या बाईचा नव्हता. नर्सबाई होत्या. नवीन डॉक्टर आलेत, त्यांनी मास्तरांचे सगळे फोटो पहिल्या फोटोशेजारी ठेवून पाहिले, असं त्या सांगत होत्या. चट्टा डावीकडे होता. तो आता दिसत नाही. पण उजवीकडे नवीन उठलाय. औषध बदलावं लागेल बहुतेक. उद्याच या.

मास्तरांनी शिवायला घेतलेली पँट मशीनवर तशीच सोडली. एकही गोळी चुकवली नव्हती. मग हे काय? त्या दिवशी आरशासमोर जायचं धाडस त्यांच्यानं झालं नाही. शर्टावरून पाठ चाचपायचा प्रयत्न केला, तर हात पोचेना, आणि पोचला असता तरी बधिर कातडी काय सांगणार होती? चट्टा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकला, म्हणजे उद्या मानेवर येणार, परवा तोंडावर. मग कसलं दुकान आणि कसली गल्ली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बसमध्ये ते पाठ सीटला न टेकवता बसून राहिले.

दवाखान्यात नर्सबाईंनी त्यांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि त्या मागे गेल्या. कापूस फिरला असावा. मग त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. दोघं मागे उभे राहून कुजबुजत होते, फोनवरचे फोटो मोठे करून बघत होते.

"काका, चट्टा जिथं होता तिथंच आहे," नर्सबाई म्हणाल्या. "डावीकडेच. आणि छान फिकट झालाय. नवीन काहीही नाही. पण तुमच्या उजव्या खांद्यावर तीळ आहे, तो फोटोत डावीकडे दिसतोय. फोटो आरशातले आहेत का?"

मास्तर शर्टाची बटणं लावत होते.

"इथं तर सगळे फोटो काकूंनी काढलेत असं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"ती लेकीकडे गेलीय."

"कधीपासून?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "बाळ बसायला लागलंय आता," ते म्हणाले.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले. नर्सबाई स्टूल ओढून समोर बसल्या. आरशातला फोटो चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आज थोडक्यात निभावलं, नाहीतर नको ते औषध सुरू झालं असतं. घरी कोणी नसेल तर गावच्या आरोग्य केंद्रातली ताई दर पंधरवड्याला येऊन फोटो काढेल.

"तिचा गणवेश मीच शिवतो," मास्तर म्हणाले.

नर्सबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. मग काकूंना बोलावून घ्या, असं त्या म्हणाल्या. तिला कळलं तर ती काय म्हणेल, आणि समजा काही नाही म्हणाली, पण तिला झालं तर, असं काहीबाही मास्तर पुटपुटले. तिला वाचवायलाच तर एवढे दिवस लांब ठेवलं.

"औषध सुरू झाल्यापासून तुमच्याकडून कोणालाच काही होणार नाही, काका. ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण त्याच्या आधी त्या तुमच्याबरोबरच राहत होत्या ना?" नर्सबाईंचा आवाज खाली आला. "त्यांची पाठ कोणी पाहिलीय?"

इतक्या दिवसांत मास्तरांनी आपल्या पाठीशिवाय दुसऱ्या कशाचा विचारच केला नव्हता. तिकडे ती रोज बाळाला छातीशी धरून झोपवत होती.

बस स्टँडवर, सुटायला उभ्या असलेल्या गाड्यांच्या घरघरीत, त्यांनी मोबाइलवरून तिला फोन लावला आणि ये म्हणाले.

"का?"

"अशीच."

"इतके दिवस राहा, राहा. आणि आज अशीच ये? ती रेडिओवाली सोडून गेली वाटतं."

मास्तरांना हसू फुटलं आणि ते हसू अर्ध्यावर वेगळंच काहीतरी झालं. बाजूच्या बाकावरची माणसं बघायला लागली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि सांगून टाकलं. चट्टा, टाचणी, दवाखाना, आरशातले फोटो. रोगाचं नावही घेतलं. तू तपासून घे, बाळालाही दाखव, असं सांगितलं. पलीकडे कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज झाला, बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला. त्यांनी पुन्हा लावला. तिनं उचलला नाही. रात्री लावला, दुसऱ्या दिवशी लावला. वाजून वाजून थांबायचा. मास्तरांनी मशीनला तेल दिलं, सगळ्या कात्र्या पुसल्या आणि ती आता येणार नाही, याची मनाशी तयारी करायला घेतली.

ती आली तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. हातातली पिशवी तिनं दाराजवळच ठेवली आणि स्टुलावर बसून राहिली. गिऱ्हाइकांनी बाळाची खुशाली विचारली, तिनं हसून सांगितली. मास्तर टेप गळ्यात घालून उभे होते आणि घेतलेली मापं लगेच विसरत होते. गिऱ्हाइकं गेली तसं तिनं उठून शटर खाली ओढलं.

"फोन का नाही उचललास?"

"उचलला असता तर भांडले असते," ती म्हणाली. "आधी तिथल्या दवाखान्यात गेले. तिघींनाही तपासलं. काही नाही निघालं. मला नि पोरीला खबरदारी म्हणून एकेकदा औषध दिलं त्यांनी, बाळाला नको म्हणाले." मग थोडं थांबून, "मला वाटत होतं, तुम्ही घरात बाई आणून ठेवलीत. रात्र रात्र झोप नव्हती मला. आणि तुम्ही इथं आरशाला पाठ दाखवत बसलात."

मास्तरांनी लेक काय म्हणाली ते विचारलं. तिनं पदराची घडी नीट केली आणि म्हणाली, "बाळ लहान आहे अजून." मास्तरांना समजलं, लेक बाळाला घेऊन इतक्यात इकडे येणार नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही.

फोटोचा दिवस कालच टळून गेला होता. ॲपची बाई सकाळपासून दोनदा आठवण करून गेली होती. मास्तरांनी फोन उघडून तिच्या हातात दिला, चौकट दाखवली, शर्ट काढला आणि सवयीनं आरशाकडे पाठ करून उभे राहिले. तिनं दंडाला धरून त्यांना वळवलं. "तिकडे तोंड करा. उजेड पाठीवर यायला हवा."

आता त्यांच्यासमोर नुसती भिंत होती. खुंट्या, लोंबणारे दोरे, कोपऱ्यातला ओला डाग. आरशात निदान काय दिसतंय ते दिसायचं. मागे ती काय बघतेय, बघताना तिचा चेहरा कसा झालाय, काहीच कळत नव्हतं. फोनचा आवाज आला नाही. बराच वेळ आला नाही.

मग तिचा हात खांद्यावर टेकला. थंडगार होता, प्रवासातून आलेला. हळूहळू तो खाली उतरू लागला आणि पाठीच्या डाव्या बाजूला कुठंतरी नाहीसा झाला. काही क्षणांनी तो कमरेच्या वर पुन्हा लागला, तसाच थंड.

मधल्या जागेत तिनं हात उचलला होता का, ते कळायला त्यांच्याजवळ काही मार्ग नव्हता. विचारलं तर ती सांगेल, हेही त्यांना माहीत होतं.

"हलू नका," ती मागून म्हणाली.

मास्तर हलले नाहीत.