तीनशे तेरावी ओळ

प्रभाकाकूंच्या मेसमध्ये एक रजिस्टर होतं. दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेली एकवीस वर्षं यूपीएससी करणारी मराठी मुलं-मुली जेवत होती. काकूंचे यजमान दिनकरकाका सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. ते प्रत्येकाची एक ओळ लिहून ठेवत: नाव, जिल्हा, पदवी, माध्यम, वैकल्पिक विषय, परीक्षा किती वेळा दिली. शेवटचा रकाना निकालाचा. तो रकाना मूल दिल्ली सोडून जाताना भरायचा. काका वारल्यावर हे काम मारुतीकडे आलं, कारण त्याचं अक्षर बरं होतं आणि तो कुठे जात नव्हता.

मारुतीचे सहाही प्रयत्न संपले होते. स्वतःच्या ओळीत, दोनशे अठ्ठ्याण्णवाव्या, त्याने स्वतःच 'निवड नाही' लिहिलं होतं. फिजिक्सची बीएस्सी सात वर्षं मागे पडली होती आणि परभणीला तोंड दाखवायचं नव्हतं. म्हणून तो दर रविवारी गुरुग्रामला एका क्लासला जाऊ लागला. एआय अगदी पहिल्यापासून शिकवायचे, सहा आठवडे. शेवटी स्वतःचा एक छोटा प्रकल्प दाखवायचा. ज्याचा चांगला होईल त्याला एका कंपनीत शिकाऊ म्हणून घेणार होते.

पहिल्याच रविवारी तनयामॅडम म्हणाल्या होत्या, "मशीनला नियम सांगायचे नाहीत. उदाहरणं दाखवायची. नियम ते आपला आपण शोधतं." मारुतीला हे फार आवडलं. उदाहरणं त्याच्याकडे होती. दोन आठवडे दुपारी मेसच्या टेबलावर बसून त्याने रजिस्टर लॅपटॉपवर उतरवलं. निकालाचा रकाना भरलेल्या तीनशे बारा ओळी. निवड झालेले सहा.

गुरुवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर त्या ओळींवर शिकवलेलं त्याचं मॉडेल पहिल्यांदा न अडखळता चाललं. पडद्यावर आलं: अचूकता ९८.०८ टक्के.

"आयला, मारत्या, पास झालास वाटतं," मागून अंबादास म्हणाला. अंबादास हिंगोलीकडचा, मारुतीचा चार वर्षांचा रूममेट. रविवारी त्याची पूर्वपरीक्षा होती. पाच वेळा देऊन झाली होती, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची.

मारुतीने त्याला समजावून सांगितलं. माणसाची माहिती टाकायची, निवड होईल की नाही ते मशीन सांगतं.

"मग माझं बी टाक की."

"कशाला? तीन दिवसांवर पेपर आलाय."

"टाक यार. आमच्या तात्यांनी तर जोतिषाला पैसे दिले होते. तू फुकटात सांगतोयस."

मारुतीने रकाने भरले. हिंगोली, बीए, मराठी माध्यम, इतिहास, पाच. एंटर दाबलं.

निवड नाही.

"आणि हे अठ्ठ्याण्णव म्हणजे?"

"शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा ते बरोबर सांगतं."

अंबादास हसला. "एवढं खरं आमचा मामा बी बोलत नाही!" ताट उचलून तो मोरीकडे गेला. मारुतीही हसला. त्या वेळी त्याने अंबादासच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो पडद्याकडे पाहत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने केलेली एखादी गोष्ट चालली होती.

रविवारी सकाळी मारुती निघाला तेव्हा अंबादास दाढी करत होता. प्रवेशपत्र पुस्तकावर ठेवलेलं, दोन काळी पेनं शेजारी. "बेस्ट लक," मारुती म्हणाला. आरशातूनच अंबादासने मान हलवली.

क्लासमध्ये प्रकल्प दाखवायला मारुतीची पाळी तिसरी आली. त्याने आकडा दाखवला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवली. तनयामॅडम दिल्लीतच वाढलेल्या. त्यांचं मराठी अर्धं हिंदीत असायचं.

"अच्छा, मारुती, निवड झालेले किती?"

"सहा, मॅडम."

"त्यांच्याबद्दल हे काय सांगतं?"

हे त्याने पाहिलं नव्हतं.

"बघू ना. टाक कुणाचं तरी."

त्याने गिरिजाताईची ओळ काढली. गिरिजाताईचा फोटो मेसच्या भिंतीवर होता. ती आता कुठेतरी उपायुक्त होती. एंटर दाबलं. निवड नाही. वर्ग हसला. त्याने दुसरं नाव टाकलं, मग तिसरं. सहाव्या नावालाही 'निवड नाही' आलं, तेव्हा कुणी हसत नव्हतं.

मॅडमनी टेबलावरचा डस्टर उचलला. "हा बघ. याला काहीही विचारा, हा म्हणणार, नाही. तीनशे बारापैकी किती वेळा बरोबर येईल?"

"तीनशे सहा," मारुती म्हणाला. टक्के काढायला भागाकार त्याला करावा लागला नाही; तो आकडा पडद्यावर होताच.

"बिल्कुल. तुझं मशीन म्हणजे हा डस्टर आहे. ते कुणालाही ओळखत नाही. सगळ्यांना नाही म्हटलं तर मार्क मिळतात, एवढंच ते शिकलंय. नाराज नको होऊस, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. पुढच्या संडेला सुधारून आण."

बसायच्या आधीच मारुतीला गुरुवारची दुपार आठवली. त्याने घड्याळ पाहिलं. पावणेबारा. पहिला पेपर सुटला असेल, दुसरा अडीचला. मधल्या वेळात सांगता येईल. तो बाहेर व्हरांड्यात आला आणि अंबादासला मेसेज लिहू लागला: मशीनचं ते काही खरं नव्हतं. मग त्याला वाटलं, फोनच लावून ठेवावा, लागला तर लागला. केंद्रावर फोन आत नेता येत नाही. तो बंद असणार.

पलीकडे फोन वाजला.

एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाजताना मारुतीने पुन्हा घड्याळ पाहिलं.

"बोल, मारत्या," अंबादास म्हणाला. त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली, आणि "कणीक जास्त सैल नको रे," असा काकूंचा आवाज आला.

मेट्रोत बसायला जागा होती, पण मारुती उभाच राहिला. काय सांगायचं ते त्याने मनात नीट रचलं. आयएनए स्टेशनला गाडी बदलताना पुन्हा रचलं. अंबादास, ते मशीन गिरिजाताईलाही नाही म्हणतं. ते सगळ्यांनाच नाही म्हणतं. त्याला तुझ्याबद्दल काहीही कळलेलं नव्हतं.

अंबादास मेसच्या टेबलाशी पोळ्या लाटत होता. दाढी गुळगुळीत झालेली, अंगात परीक्षेचा म्हणून ठेवलेला पांढरा शर्ट.

"असा काय बघतोस? निघालो होतो रे. मेट्रोच्या जिन्यापर्यंत गेलो," तो म्हणाला. "मग म्हटलं, कशाला."

"अंबादास..."

"ऐक तर. दहा वर्षं जो भेटेल तो म्हणतोय, अजून एकदा दे, होईल. तात्या, मामा, क्लासवाले. कुणी एकदा तरी नको म्हणावं ना? ते तुझ्या मशीननं म्हटलं. त्याला ना माझी कीव, ना माझ्याकडून फी घ्यायची." त्याने पोळी उलटून पीठ लावलं. "काल रात्री झोप लागली बघ. किती वर्षांनी लागली असेल."

मारुती समोर बसला. रचलेलं वाक्य तोंडात तयार होतं.

"मॅडम काय म्हणाल्या?" अंबादासने विचारलं. लाटणं थांबलं होतं. "बरोबर निघालं ना मशीन?"

काकूही ओट्यापाशी वळून पाहू लागल्या.

"हो," मारुती म्हणाला. "बरोबर निघालं."

अंबादासने मान डोलावली आणि पुढची लाटी घेतली.

मंगळवारी तो गेला. सामानात एक ट्रंक आणि पुस्तकांची तीन पोती. पुस्तकं त्याने जिन्याखालीच ठेवली. तो गेल्यावर काकूंनी कपाटातून रजिस्टर काढून दिलं. मारुतीने अंबादासची ओळ शोधली. किती वेळा दिली: पाच. शेवटच्या रकान्यात त्याने निकाल लिहिला, मग तीच ओळ लॅपटॉपवर उतरवली. तीनशे तेरा.

मॉडेल त्याने पुन्हा चालवलं. आता ते तीनशे सात वेळा बरोबर होतं. पडद्यावरचा आकडा हलला नव्हता: ९८.०८.