मूठ दाराकडे

मी एक जुनी विजेची किटली आहे. पोटाशी चेपलेली, तोटीपाशी काळवंडलेली. मित्रांनो, माझ्यावर एक आळ आहे. "याच किटलीनं भाजलं," असं या हॉटेलात सगळे म्हणतात. खरं काय घडलं ते मला कुणी विचारलंच नाही, म्हणून आज मीच सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखी लखलखीत होते. पाणी उकळायचं आणि टक् करून बंद व्हायचं, एवढंच माझं शिक्षण. इथल्या एका खोलीत मला बुटक्या टेबलावर मांडलं, कारण प्लग तिथे होता. मग मॅनेजरसाहेबांनी त्या रिकाम्या खोलीचा फोटो काढून सफाईच्या ढकलगाडीवर चिकटवला. खोली रोज त्या फोटोसारखी दिसली पाहिजे, हा इथला कायदा. फोटोत मी टेबलाच्या कडेला आहे, मूठ दाराकडे करून. आत येणाऱ्याला चहाची तल्लफ यावी म्हणून म्हणे.

पाहुणे येत गेले, जात गेले. कुणी चहा पिऊन माझं कौतुक केलं. कुणी माझ्यात अंडी उकडली. एका महाशयांनी तर मोजे उकळले. ते कोण, हे मी विसरले आहे, हे त्यांचं नशीब.

मग एक कुटुंब राहायला आलं. बाबांची बदली झाली होती आणि नवं घर तयार नव्हतं. "दोनच दिवसांचा प्रश्न आहे," असं घरमालक बाबांना सांगायचे, बाबा आईला सांगायचे, आणि ते दोन दिवस काही केल्या सरत नव्हते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेले की मागे उरायची आई, शाळा अर्धवट सोडून आलेली ताई आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू. ढब्बूच्या दुधाचं पाणी, ताईचे ओट्स, बाटल्या धुणं, सगळं माझ्यावर. मी त्यांची चूल झाले होते. इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

ढब्बू त्याच खोलीत चालायला लागला. पहिली पावलं टाकली ती पलंगापासून थेट माझ्याकडे, कारण माझ्या पोटात त्याला एक गलेलठ्ठ बाळ दिसायचं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आईनं मात्र धावत येऊन त्याला उचललं. तेव्हापासून पाणी उकळेपर्यंत ती माझ्याजवळून हलायची नाही, आणि उकळलं की मला कपाटाच्या डोक्यावर ठेवायची. सफाईवाल्या मावशी येऊन मला परत खाली मांडायच्या. मूठ दाराकडे.

"मावशी, ती वरच राहू द्या हो. हा ओढतो."

"बाई, मला कळतं. पण साहेब फोटो बघून खोली तपासतात. माझीही लेकरं आहेत."

एके दिवशी ढब्बू झोपला होता. मी कपाटावर होते, पोटात कढत पाणी घेऊन. आई आत ताईला आंघोळ घालत होती. मावशी आल्या आणि हाताच्या सवयीनं त्यांनी मला उचलून टेबलावर ठेवलं. मग टॉवेल आणायला बाहेर गेल्या. तेवढ्यात ढब्बू जागा झाला.

न्हाणीघराचं दार उघडंच होतं. आतून ताई हसत म्हणाली, "आई, बघ, ढब्बू किटलीला पापा द्यायला चाललाय."

आई साबणाच्या हातांनी धावली. ढब्बूनं मूठ धरून मला ओढलं आणि आईनं मध्ये हात घातला. सगळं पाणी त्या हातावर सांडलं. ढब्बूवर एक थेंब नाही. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी हॉटेल दणाणून सोडलं असतं.

मॅनेजरसाहेब आले. आधी त्यांनी भिजलेला गालिचा पाहिला, मग आईचा हात.

"मॅडम, लहान मुलांकडे लक्ष ठेवायला हवं."

"लक्ष होतं म्हणूनच हात माझा भाजला," आई म्हणाली.

साहेबांनी हुकूम सोडला, ही किटली धोकादायक आहे, काढून टाका. टेबल तिथेच राहिलं, प्लग तिथेच, फोटो तिथेच. शिक्षा मला. काउंटरमागच्या फळीवर तुटक्या इस्त्रीशेजारी मला टाकलं. तिथून मी रोज बघायचे, आई ढब्बूला कडेवर घेऊन, हाताला पट्टी बांधून, कपभर गरम पाण्यासाठी खाली यायची. हा कुठला न्याय?

एका सकाळी ती काउंटरपाशीच थांबली.

"किटली द्या आणि ते टेबल उचला."

"मॅडम, मांडणी फोटोप्रमाणेच ठेवावी लागते."

"त्या फोटोत माणूस आहे का एक तरी?"

"रिकाम्या खोलीचा फोटो आहे तो."

"मग तो रिकाम्या खोलीला लावा. आमच्या खोलीत चार माणसं राहतात."

चहा पिणारे पाहुणे माना वळवून बघू लागले. मावशी झाडू घेऊन पुढे आल्या. "साहेब, किटली मीच खाली ठेवली होती. तुमच्या फोटोत बघून."

साहेबांनी मला फळीवरून काढून दिलं.

मावशींनी स्वतः टेबल ओढत बाहेर नेलं. आरशाशेजारच्या उंच कप्प्यात एक शोभेचा दिवा होता, कधीच न लागणारा. त्याच्यामागे प्लग होता. पहिल्या दिवसापासून तिथेच होता. दिवा निघाला, मी बसले, मूठ भिंतीकडे. मावशींनी आपल्या मोबाइलवर नवा फोटो काढला आणि त्याची प्रत ढकलगाडीवर जुन्या फोटोवर चिकटवली.

"अहो, कोपऱ्यात त्या पोराचा पाय आलाय," साहेब कुरकुरले.

"खोलीत पोर आहे ना साहेब," मावशी म्हणाल्या.

ते कुटुंब आता आपल्या घरी गेलं. ढब्बूचा पाय अजून त्या फोटोत आहे आणि मी अजून वरच्या कप्प्यात. मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख नाही ठेवलंत तरी माझी तक्रार नाही. पण कढत पाण्याचं भांडं कुठेही ठेवण्याआधी मोठ्या माणसांना म्हणा, एकदा गुडघ्यांवर बसा आणि ढब्बूच्या उंचीवरून बघा. मूठ कुणाकडे आहे ते तिथूनच दिसतं.